डॉक्टरांचा आवाज गोडच हवा

सूचनाताईंना मी पाहिलं फार उशिरा, ऐकत मात्र कित्येक वर्षं होतो. आमच्या शहरातल्या बस डेपोवर ज्याने कधी गाडीची वाट पाहिली आहे, त्याच्या कानात तो आवाज बसलेला आहेच. गाडी उशिरा येणार, हे त्या अशा काही सांगायच्या की माणसाला वाटावं, चला, तेवढंच जरा टेकायला मिळालं. चौकशीच्या खिडकीवर हमरीतुमरीवर आलेले प्रवासी वरच्या भोंग्यातून तो आवाज आला की भांडण अर्धं टाकून ऐकायला लागायचे. ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्यांना सूचनाताई नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल.

निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या. आमच्याकडे म्हणजे अंधांसाठी पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून देणाऱ्या ग्रंथालयात. मी तिथे रेकॉर्डिंग करतो. काचेच्या अलीकडे मी आणि माझी बटणं, पलीकडे वाचणारा, टेबल, माईक आणि पाण्याचा पेला. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून तो बंद, त्यामुळे वाचणारा घामाघूम. भरल्या पोटी यायचं नाही आणि रिकाम्या पोटीही नाही, कारण माईकला माणसाच्या तोंडापेक्षा पोटातलं जास्त ऐकू येतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना एका प्रेमकथेचं प्रकरण दिलं. नायिका नायकाला कायमची सोडून निघते, असा प्रसंग. ताईंच्या तोंडून ती अशी निघाली की आता फलाट क्रमांकही सांगतात की काय असं मला वाटलं. मी काचेवर टकटक केली.

"ताई, ती बस नाहीये हो. बाई आहे."

त्या इतक्या हसल्या की ते प्रकरण त्या दिवशी झालंच नाही. पण बाई हुशार. महिन्याभरात त्यांच्या वाचनातून म्हातारे खोकायला लागले, पोरं हट्ट करायला लागली. मला त्या 'बटणवाले' म्हणायच्या. माझी बायको अजून मला तेच म्हणून चिडवते.

ताईंनी लग्न केलं नव्हतं. "राहून गेलं," एवढंच सांगायच्या. घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. धाकटा भाऊ त्याच डेपोत मोठ्या हुद्द्यावर, त्याचा संसार वेगळा. आईचे डोळे अधू झालेले. दुसऱ्या दिवशी जे वाचायचं असेल ते ताई आदल्या संध्याकाळी आईला मोठ्याने वाचून दाखवायच्या. दोघींची सोय. आईची करमणूक व्हायची आणि यांचा सराव.

मग ती कादंबरी आली. तिचा तेव्हा बराच बोलबाला होता आणि आमचे ऐकणारे फोन करकरून ती मागत होते. ग्रंथालयाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "हे पुस्तक ताईंनाच द्या. नाजूक आहे."

नाजूक म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मी काही आधी वाचत बसत नाही, वाचणाऱ्यासोबतच ऐकतो. कादंबरीतलं घर साधं होतं. वडील छापखान्यात, आई घरी, एक आजारी आजी आणि एक शाळकरी मुलगी. आजीला तपासायला एक डॉक्टर येतात. अतिशय सज्जन. आजीशी थट्टामस्करी करतात, वडिलांशी छपाईवर बोलतात. मुलीला चित्रांचा नाद. घरात त्या कागदांनी भांडी पुसली जातात, डॉक्टर मात्र एकेक चित्र हातात धरून निरखतात. रंग आणून देतात. "तू इतर मुलींसारखी नाहीस," असं तिला सांगतात. आजी बरी होते, तरी डॉक्टर येतच राहतात.

ताईंनी त्या डॉक्टरांना आवाज दिला तो इतका मऊ, इतका मायेचा की मीच त्यांच्या प्रेमात पडलो. आमच्या गल्लीत असा डॉक्टर असता तर मी खोटा ताप आणून गेलो असतो.

पुढच्या एका प्रकरणात डॉक्टर मुलीला म्हणतात, "हे आपल्या दोघांतलंच हं." आणि मी हेडफोन कानाशी घट्ट धरला. पुस्तकात कुठेही उघडं, ओंगळ असं काही लिहिलेलं नव्हतं. फक्त दार लोटल्याचा आवाज आणि मग त्या मुलीने चित्रं काढणं सोडलं, एवढंच. तेवढ्याने कळलं. ताईंचा आवाज मात्र तसाच गोड.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "ताई, आता याला जरा वेगळा आवाज द्यायला हवा. थोडा खालचा, थोडा घोगरा. ऐकणाऱ्याला इशारा मिळायला हवा की हा माणूस बरा नाही."

"नाही."

"अहो, राक्षस आहे तो."

"म्हणूनच." त्यांनी पुस्तक पालथं ठेवलं. "बटणवाले, तुम्ही मागची प्रकरणं ऐकताना त्याला काय म्हणालात? मी ऐकलंय. तुम्ही मला म्हणालात, 'काय माणूस आहे!' म्हणजे तुम्हीच दार उघडलंत, तुम्हीच त्याला खुर्ची दिलीत. मी पहिल्यापासून घोगरं वाचलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, कसले मठ्ठ लोक आहेत, एवढंही कळत नाही. आणि आपल्या घरी जो येतो त्याचा आवाज घोगरा नाही, म्हणून निर्धास्त झोपला असतात. डॉक्टरांचा आवाज गोडच हवा. शेवटपर्यंत."

मला ते पटलं आणि पटलंही नाही. मी मॅडमना बोलावलं. मॅडमनी हेडफोन लावून सगळं ऐकलं. त्यांना काळजी वेगळीच. "आपल्या ऐकणाऱ्यांत कुणी असं सोसलेलं असलं तर? एवढा गोड आवाज कानात घेऊन ती व्यक्ती एकटी बसलेली असेल हो." हेही खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं की सुरुवातीला ताईंनीच चार शब्द सांगायचे, पुस्तकात काय आहे ते, म्हणजे ज्याला नको त्याने बंद करावं. आणि आवाज तसाच ठेवायचा. ताई म्हणाल्या, "मॅडमचं बरोबर आहे. हे मला सुचायला हवं होतं."

इथवर मला वाटत होतं की बाईंना कलेचा नाद आहे. पाणी कुठे मुरतंय ते पुढच्या आठवड्यात कळलं.

त्या प्रकरणात डॉक्टर आलेले असतात आणि मुलगी बाहेर यायला तयार नसते. आई आत जाऊन तिला म्हणते, "चल, तोंड धू. ते काय म्हणतील?" साधं वाक्य. ताईंच्या तोंडून ते येईना. एकदा खेकसल्यासारखं आलं. एकदा रडवेलं. एकदा तर चक्क बसच्या सूचनेसारखं सपाट आलं. पाणी प्यायल्या, पुन्हा वाचलं. मग माईक बाजूला सारला आणि काचेतून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जरा बाहेर जाऊ या?"

ग्रंथालयाच्या मागे जिन्याच्या पायऱ्या आहेत, तिथे आम्ही चहा घेऊन बसतो. तिथे त्या बोलल्या. आधी कुणाशी बोलल्या होत्या की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्यांचे वडील डेपोच्या कारखान्यात मेकॅनिक होते. एकदा जॅक सटकला आणि उजवा हात इंजिनाखाली आला. हात वाचला, पण कामाचा राहिला नाही. घरी बसायची वेळ आली तेव्हा डेपोचे मोठे साहेब धावून आले. त्यांनी वडिलांना सामानाच्या खोलीत बसून करायचं काम दिलं. डेपोच्या राहत्या खोल्या सुटल्या नाहीत.

"तेव्हापासून आमच्या घराचा हात दगडाखाली," ताई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "वडिलांचा इंजिनाखाली, आमचा दगडाखाली."

साहेब सुट्टीच्या दिवशी घरी यायला लागले. आईच्या हातचा चहा प्यायचे, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवायचे. एवढा मोठा माणूस आपल्याकडे खुर्चीत बसतो याचंच घरच्यांना अप्रूप. शेजारणी डोकावून जायच्या. ताई तेव्हा अकरा वर्षांच्या. एकदा त्या पाठ केलेली कविता म्हणत होत्या, साहेबांनी ऐकली. "हिचा आवाज बघा किती स्वच्छ आहे," म्हणाले. मग डेपोच्या माईकच्या खोलीत नेऊन त्यांनी ताईंना बोलायला लावलं. साऱ्या डेपोवर ताईंचा आवाज घुमला. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या.

"आमच्याकडे कुणी कुणाला चांगलं म्हणायची पद्धतच नव्हती हो. आणि तो म्हणाला, सगळ्या डेपोत तुझ्यासारखा आवाज नाही. खरं सांगू का तुम्हाला? तो खोटं बोलत नव्हता. आवाज चांगलाच होता. निदान ते तरी खोटं असतं तर बरं झालं असतं. मी सगळंच्या सगळं फेकून देऊ शकले असते."

पुढे काय घडत गेलं ते त्यांनी मला मोजक्या शब्दांत सांगितलं. ते शब्द त्यांचे आहेत, मी इथे मांडत नाही. माईकची खोली, आणि मग घरातली बाहेरची खोलीसुद्धा. हळूहळू, गोडीगुलाबीने, दर वेळी एक पायरी पुढे. आणि दर पायरीला, "तू शहाणी आहेस, तुला कळतं." साहेबांची बदली झाली तेव्हा ते थांबलं. काही वर्षांनी त्यांच्याच शब्दावर ताईंना नोकरी लागली. नको म्हणायचं तर कारण काय सांगणार?

"निवृत्तीच्या दिवशी सगळे म्हणाले, ज्यांनी तुमचा आवाज शोधला त्यांचे आभार माना. ते पहिल्या रांगेत बसले होते, काठी घेऊन. मी मानले आभार. माईकवर मी कधी अडखळले नाही. त्या दिवशीही नाही."

मी चहा ढवळत बसलो. साखर केव्हाच विरघळली होती.

"आणि घरच्यांना..." मी एवढंच म्हटलं.

"तेच तर वाचता येत नाहीये. या लेखकाने आई कशी लिहिलीय ठाऊक आहे? मी शेवट वाचलाय. शेवटी मुलगी मोठी होऊन विचारते आणि आई म्हणते, 'मला कळलंच नाही गं.' मग दोघी गळ्यात पडून रडतात. संपलं पुस्तक." त्यांनी कप पायरीवर ठेवला. "बाकी सगळं किती बरोबर लिहिलंय. तो माणूस कसा आत शिरतो, मुलीला कसं वाटतं की आपणच निवडले गेलो, सगळं. आणि आईपाशी आल्यावर लेखक घाबरला. एकतर चांडाळीण लिहायची, नाहीतर भोळी लिहायची. याने भोळी लिहिली. कळलं नाही, असं नसतं हो. कळतं. आणि माणूस दुसऱ्या कामाला लागतं."

"मग तुमच्या आईला विचारलंत कधी?"

"मला विचारायचा धीर कुठे होता? म्हातारी झाली. माझ्याच हातचं खाते. या वयात तिला काय छळायचं?"

त्या दिवशी रेकॉर्डिंग झालं नाही. पुढचे दोन-तीन दिवस त्या आल्याच नाहीत. आल्या त्या नेहमीसारख्या, केस नीट बांधून, पर्समध्ये खडीसाखर ठेवून. पण बसल्या त्या माझ्या बाजूला, काचेच्या अलीकडे. आणि घरी काय झालं ते सांगितलं.

कादंबरी सुरू झाल्यापासून आई रोज ऐकत होती. आधी डॉक्टर तिला फार आवडले. "देवमाणूस आहे," म्हणाली होती. मग मधल्या प्रकरणांनंतर तिने म्हणायला सुरुवात केली, "हे नको गं, दुसरं काही विनोदी आण." ताई म्हणाल्या, "काम आहे आई, सराव करायला हवा." आई भिंतीकडे तोंड करून पडून ऐकायची.

आम्ही पायऱ्यांवर बोललो त्या संध्याकाळी ताईंनी मधली प्रकरणं सोडून एकदम शेवटचंच वाचलं. आई पलंगावर बसून धुतलेले कपडे घडी करत होती. दिसत नसलं तरी हाताला सवय. ताई त्या वाक्यापाशी आल्या. कादंबरीतली आई म्हणते, "मला कळलंच नाही गं." ताईंनी ते वाचलं, आणि पुढचं वाचायच्या आत त्यांची आई म्हणाली, "खोटं बोलतेय."

"कोण?"

"ती. पुस्तकातली बाई."

आई टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालत होती.

"ते यायचे ना, तेव्हा मी भांडी घासायला घ्यायचे," आई म्हणाली. "घासलेली असायची. तीच पुन्हा घासायचे. नळ मोठा सोडायचे."

ताई मला सांगत होत्या, "बटणवाले, एवढी वर्षं मला ते भांड्यांचे आवाज आठवतात. मला वाटायचं, आई कामात आहे. तिला वेळ नाही म्हणून ती येत नाही."

त्यांनी आईला विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"विचारलं नाही कधी. विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं."

"आणि मला? मला का नाही विचारलंस?"

आईने टॉवेल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तू सांगशील अशी भीती होती."

ताई उठल्या आणि बाहेर जिन्यावर जाऊन उभ्या राहिल्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं, ते संपेपर्यंत तिथेच होत्या. मग आत आल्या. आईच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती. घातले. आईने त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनी तो सोडवून घेतला.

"मला तिची दया येते," ताई म्हणाल्या. "तिशीचीही नसेल हो तेव्हा. लुळ्या हाताचा नवरा, दोन पोरं, डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याचं. कुठे जाणार होती? सगळं समजतं मला. पण समजलं म्हणजे माफ झालं असं थोडंच असतं? दोन्ही गोष्टी वेगळ्या रुळांवर चालल्यात. कधी भेटतील की नाही, मला ठाऊक नाही."

त्यानंतर पंधरवडा गेला असेल. साहेब दोन वर्षांपूर्वी वारले होते, आणि आता डेपोत प्रवाशांसाठी नवी विश्रांतीची खोली बांधून तिला त्यांचं नाव द्यायचं घाटत होतं. पुढाकार ताईंच्या भावाचा. त्याने बहिणीला फोन केला. हा प्रसंगही मला ताईंनीच सांगितला.

"ताई, उद्घाटनाला तू बोलायचंस. तुझ्याशिवाय कोण बोलणार? आणि आत लावायला साहेबांची चार वाक्यांची ओळख तुझ्या आवाजात हवी."

ताई म्हणाल्या, "नाही."

"अगं, नाही काय? आपल्या घरावर त्यांचे किती उपकार आहेत. बाबांची नोकरी, तुझी नोकरी. माझंही जमलं ते त्यांच्या ओळखीनेच. माणसाने जाण ठेवावी."

"त्यांनी मला लहानपणी त्रास दिला," ताई म्हणाल्या. "कसला ते तुला कळत नसेल तर विचार, मी सांगते."

मग भाऊ हळू आवाजात म्हणाला, "ताई, तू हल्ली ती भलतीसलती पुस्तकं वाचतेस ना, त्याचा परिणाम आहे हा. त्यांना किती आदराने बघतात लोक. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. आणि आईच्या कानावर हे जाऊ देऊ नकोस, तिला सहन होणार नाही."

आई समोरच बसली होती. ताईंचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर, आईला सगळं ऐकू गेलं. तिने हात पुढे केला. चाचपडत फोन घेतला, उलटा धरला, ताईंनी सुलटा करून दिला.

"मी बोलतेय," आई म्हणाली. "ती खरं सांगतेय. मला माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं. आता तू तिला खोटी पाडू नकोस. मी गप्प राहून एकदा पाडली तेवढी पुरे."

आणि फोन परत दिला. मुलगा पलीकडे 'आई, आई' करत राहिला, पण तिचं बोलून झालं होतं.

ताई म्हणाल्या, त्यानंतर आईने कुठली क्षमा वगैरे मागितली नाही. जेवायला काय आहे ते विचारलं. पण त्या रात्री थेंब घातल्यावर आईने हात धरला, तो ताईंनी सोडवला नाही.

शेवटच्या प्रकरणाचं रेकॉर्डिंग आम्ही सकाळी घेतलं, रस्त्यावर गर्दी नसते तेव्हा. पुस्तकातला शब्द बदलायचा नाही, हा आमचा नियम. लेखकाने लिहिलं तसंच वाचायचं. मला धाकधूक होती. ताई सरळ बसल्या, वाचत गेल्या. मुलगी विचारते. आणि आईच्या वाक्याआधी ताई थांबल्या. एवढासाच विराम, पेल्यातलं पाणी हलून स्थिर व्हावं तेवढा. मग त्या आईचं वाक्य आलं, "मला कळलंच नाही गं." रागाने नाही, रडून नाही. बाई भांडी घासता घासता बोलावी तशा सहज आवाजात. शब्द तेच, पण ती बाई खोटं बोलत होती, आणि तिला स्वतःलाही ते माहीत होतं, आणि तरीही तिची कीव येत होती.

मी काचेतून अंगठा वर केला. पुन्हा घ्यायची गरज नव्हती.

ऐकणाऱ्यांचे फोन आले. एका गृहस्थांनी तक्रार केली की डॉक्टरांचं वाचन फसवं आहे, हाच तो माणूस हे आवाजावरून आधी कळायला हवं होतं. मॅडमनी त्यांना सांगितलं, "बरोबर आहे तुमचं, आम्हीही फसलो." एका बाईने फोन केला, फक्त वाचणाऱ्या बाई कधी असतात ते विचारून घेतलं. नंतर ती येऊन ताईंना भेटली. त्या दोघी मागच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी चहा नेऊन ठेवला आणि आत आलो.

मग एक दिवस ताईंचा भाऊ आला. ताई आत वाचत होत्या, दुसरंच पुस्तक, विनोदी. मला म्हणाला, "मी तिचा भाऊ. ती कादंबरी मला ऐकता येईल का?" मी त्याला हेडफोन दिला आणि मधलं एक प्रकरण लावून दिलं. धिप्पाड माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीच्या किल्ल्या. ऐकता ऐकता किल्ल्या टेबलावर ठेवल्या. हेडफोन काढला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"मी पाच-सहा वर्षांचा असेन," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. "साहेब आले की मला एका ड्रायव्हरकाकांसोबत डेपोत पाठवायचे. ते मला उभ्या गाडीत सीटवर बसवायचे, स्टिअरिंग फिरवू द्यायचे, हॉर्न वाजवू द्यायचे. मी माझ्या पोरांना अजून ती गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणातली सगळ्यात चांगली आठवण आहे ती." त्याने नाक ओढलं. "मला बाहेर काढायला तेच केलं होतं त्यांनी. आणि मी हॉर्न वाजवत बसलो होतो."

"तुम्ही लहान होता," मी म्हणालो.

"ती पण लहानच होती."

काचेपलीकडे ताईंनी पान उलटलं आणि भाऊ दिसताच थबकल्या. मी रेकॉर्डिंग बंद केलं. त्या बाहेर आल्या. तो टेबलावरच्या किल्ल्या उचलून उभा राहिला. ताईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. दोघं गेले.

त्या खोलीला साहेबांचं नाव लागलंच. भावाने समितीत विरोध केला म्हणे, पण कारण काही तो सांगू शकला नाही, आणि कारणाशिवायच्या विरोधाला कोण विचारतो? ताईंनी त्याला कारण सांगायची परवानगी दिली होती. त्याची जीभ रेटली नाही. ताई त्यावरून त्याला बोलल्या नाहीत. "त्याला कळून महिना झाला," म्हणाल्या. "मला बोलायला पन्नास वर्षं लागली. त्याला थोडा वेळ देऊ या." उद्घाटनाला मात्र त्यांच्या घरातून कुणीही गेलं नाही, आणि ते डेपोत सगळ्यांच्या लक्षात आलं. आता कुजबुज चालते. दोन जुन्या कंडक्टरबाया ताईंना वाटेत गाठून म्हणाल्या, आम्हाला तेव्हाही तो माणूस बरा वाटत नव्हता. ताई घरी येऊन आईला म्हणाल्या, "बघ, सगळ्यांनाच माहीत होतं. सगळेच भांडी घासत होते."

आई हल्ली ऐकते ती पुस्तकं विनोदी. ताई वाचतात, आई मध्येच हसते, आणि कधी कधी ताई वाचायचं थांबवून काहीतरी विचारतात, त्या जुन्या दिवसांतलं. आई जेवढं आठवतं तेवढं सांगते. काही दिवशी म्हणते, "आज नको." ताई म्हणतात, "बरं." आणि पुढचं पान वाचायला घेतात.